रविवारची खरखर

ऐंशीच्या दशकात नोकरीने मला नागपुरात आणून टाकलं, तेव्हा मी जरीपटक्यात खोली घेतली. कारखाना हिंगण्याला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. कंपनीची बस पार दमवून सोडायची, पण त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. दमलेल्या माणसाला एकटेपणा कमी टोचतो. प्रश्न रविवारचा होता. सकाळी दूधवाल्याशी बोललो की सोमवारी बसमध्ये चढेपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नसे.

म्हणूनच तो कॉम्प्युटर घेतला. परदेशातून परतलेल्या एका सहकाऱ्याने जुना म्हणून काढून टाकलेला, टीव्हीला जोडायचा. त्याचे प्रोग्रॅम कॅसेटवर असत आणि त्या कॅसेटी इथल्या उन्हाने वाकल्या होत्या. प्रोग्रॅमशिवाय ते यंत्र म्हणजे पडद्यावर उघडझाप करणारा एक चौकोन. दुसरी कॅसेट नागपुरात मिळेना. सहकाऱ्यानेच वाट सांगितली. परदेशातलं एक रेडिओ केंद्र रविवारी संध्याकाळी चक्क प्रोग्रॅम प्रसारित करायचं. ऐकायला नुसती किरकिर, पण ती टेप करून कॉम्प्युटरला ऐकवली की त्याला कळायची. फक्त टेप स्वच्छ हवी. मधे जरा खरखर आली की सगळं मुसळ केरात.

मी गच्चीपर्यंत तांब्याची तार ताणली, रेडिओला टेपरेकॉर्डर जोडला आणि पहिल्याच रविवारी नेमकी भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. शेजारच्या काकू बाजारातल्या दुकानांसाठी परकर शिवायच्या. मशीनला मोटार होती. ती चालली की माझा रेडिओ तापल्या तेलात पाणी पडल्यासारखा तडतडायचा.

मी तणतणत त्यांचं दार वाजवलं.

"काकू, थोडा वेळ मशीन बंद ठेवाल का?"

"काहून गा? तुले काय तरास देऊन राहिली ते?"

मी सगळं समजावलं. त्यांनी गंभीरपणे ऐकलं. "म्हणजे तुह्या मशीनले माह्या मशीनचं बोलणं खपत नाही," म्हणाल्या आणि बटण बंद केलं.

त्या दिवशी रस्त्यावरच्या स्कूटरने घात केला. पुढच्या रविवारी केंद्रच मधे बुडालं. मग कुणाची तरी ट्यूबलाइट. दर रविवारी मी दार वाजवायचो, मोटार थांबायची, आणि किरकिर संपली की काकू चहा घेऊन यायच्या.

"आलं का गा?"

"नाही आलं, काकू."

मग त्या बसायच्या. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, त्यांच्याबद्दल बोलायच्या. माझ्या स्टोव्हवरची काजळी पाहून मला झापायच्या. मीही उलट बोलायचो. आठवडाभर मी त्या चहाची वाट पाहायचो, आणि हे मला कळतच नव्हतं.

एका रविवारी काकू थोरलीकडे गेल्या होत्या. मोटारीचा प्रश्नच नव्हता. रस्ता शांत, केंद्र खणखणीत. टेप कॉम्प्युटरला ऐकवली आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटू लागल्या. मी मोठ्याने हसलो आणि कोणाला तरी दाखवावं म्हणून मागे वळलो. मागे बंद दार होतं.

मग एकदम वाईट वाटलं. काम झालं होतं. आता काकूंचं दार कशासाठी वाजवणार? एवढं मोठं यंत्र चालवून दाखवणारा मी, पण 'सहज आलो' म्हणून शेजारी जायची अक्कल मला नव्हती. माझा मलाच राग आला.

काकू परतल्या. मी काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी रेडिओ न लावताच खोलीत बसलो होतो. पलीकडे मोटार घरघरत होती. दार वाजवायचं नाही असं ठरवलं होतं आणि तेच जड जात होतं. एवढ्यात, ठरल्या वेळी, मोटार आपली आपण थांबली. भिंतीपलीकडून हाक आली.

"लाव गा. म्या बंद केली."

मी उठलो आणि रेडिओ लावला. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट नव्हती. खोलीभर किरकिर झाली, ती संपेपर्यंत मी नुसता उभा होतो. काकू चहा घेऊन आल्या.

"आलं का गा?"

"नाही आलं, काकू."

त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि नेहमीच्या जागी बसल्या. "जाऊ दे," म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येईन ते."