बादशहाच्या सिनेमाचा भोंगा

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत सिनेमाची जाहिरात करणारा एक माणूस राहायचा. टांग्यात बसून, पत्र्याच्या भोंग्यातून ओरडत तो अख्खं अकोला पालथं घालायचा. माझी दुपारची झोप हमखास मोडायची. एका बादशहाच्या प्रेमाचा भव्य सिनेमा म्हणे कित्येक वर्षं तयार होत होता. जाहिरात कुठल्याही सिनेमाची असो, शेवटी हा "तो बी येऊन राहिला!" जोडायचाच.

स्वतःच्या दारापाशी टांगा थांबवून तो भोंगा खिडकीकडे वळवायचा आणि सावकाश सांगायचा, खरे हत्ती, हजार घोडे, आरशांचा महाल. आत त्याची बायको अंथरुणाला खिळलेली.

"काहून ओरडून राहिले? मी काई बहिरी नाई."

"तुले याच टांग्यात नेतो," हेही तो भोंग्यातूनच म्हणायचा.

सिनेमा लागला, तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते. "आला हो, आला!" मागच्या गल्लीतून आवाज आला तसे आम्ही दारात येऊन उभे राहिलो. टांगा आमच्याकडे वळला आणि त्याने भोंगा मांडीवर उपडा ठेवला. खिडकीसमोरून नुसत्या टापा वाजत गेल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, याने ओरडावं.