वहिनीचे फोन

पुण्याला निघालो त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि वहिनी म्हणाली, "भावजी, तुमचा कॉम्प्युटर कसा चालू करायचा, तेवढं दावून जा." मी घाईत बटण दाखवलं आणि गाडी धरायला घाटनांदूर स्टेशनकडे पळालो. आईच्या पाया पडायचंही राहिलं.

पुण्यात नोकरीही तसलीच लागली. लोकांचे अडकलेले कॉम्प्युटर फोनवरून सुरू करून द्यायचे, दिवसभर. त्यात वहिनीचे फोन. घरच्या कॉम्प्युटरवर ती गावातल्या पोरींचे फॉर्म भरायला लागली होती आणि तो अर्ध्या तासात अडकायचा. "बंद करून चालू करा," एवढं सांगून मी सुटायचो. गाव सोडून गेलेल्यांना हा कंटाळा ओळखीचा असेल. सांगायची लाज वाटते, पण असतो.

एका दुपारी तिचा फोन आला. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. फॉर्म गावातल्या सविताचा होता. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती एकटीच वहिनीशेजारी बसून होती. फॉर्म तीनदा अर्ध्यात अडकला होता.

"रीस्टार्ट केला का?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "गिऱ्हाइकाशी बोलल्यावानी बोलायलाव, भावजी. मी घरची हाय."

हेडसेट काढून मी जिन्यात जाऊन बसलो. पहिल्यांदाच नीट विचारलं. किती वेळानं अडकतो? कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून बघा.

"लई तापलाय. हात ठिववंना."

मग वायर काढून झाकण उघडायला सांगितलं. आतला पंखा कडब्याच्या भुशानं गच्च भरला होता. आमची खिडकी गोठ्याकडं उघडते, हे मी विसरूनच गेलो होतो. रंगाच्या ब्रशनं तिनं सगळं हळूहळू झाडलं. दिवस मावळायच्या आत फॉर्म गेला. सविता आता लातूरला शिकते.

त्यानंतर वहिनी स्वतःच झाकण उघडते. गावातले लोकही आपले कॉम्प्युटर तिच्याकडं आणतात. मला फोन येत नाही, मीच रविवारी करतो.

"कॉम्प्युटर कसा हाय?"

"चांगला हाय की. कावून?"

"सहज," मी म्हणतो. मग ती म्हशीचं, आईच्या गुडघ्याचं सांगते आणि मी ऐकत राहतो. घरचं आता माझ्यावाचून काही अडत नाही. पुढच्या रविवारी काय विचारायचं, ते मात्र मला शोधून ठेवावं लागतं.