बर्फवाल्याच्या घरी बर्फ

ग्रीनलंडच्या पांढऱ्या माळावरचा आमचा कॅम्प उठवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना कामं वाटून दिली आणि मला न विचारता अभ्यासाला काढलेल्या बर्फाच्या पेट्यांवर नेमलं. मी बर्फवाल्याची पोरगी आहे हे मी उन्हाळाभर इतक्यांदा सांगितलं होतं, की आमची प्रमुख, एक उंच, हसरी डॅनिश बाई, म्हणाली, "आता दाखव तुमच्या घराण्याचं कसब." घ्या! बढाया मारताना जिभेला हाड नव्हतं, आता भोगा.

पण बढाई खोटी नव्हती. संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, बर्फाचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, लाकडाच्या भुशाचा ढीग, गोणपाटं आणि बर्फ फोडायचा टोचा. सकाळी कारखान्यातून लाद्या यायच्या. त्या भुशात निजवायच्या, वर गोणपाट टाकायचं. लग्नाचे मांडव, रसवंत्या, मासळीवाले, सगळ्यांना अण्णांचाच बर्फ. त्यांच्या बोटांची टोकं बारा महिने भेगाळलेली असायची. शाळेतून येऊन मी टोच्याला हात लावला की ओरडायचे, "ठेव ते खाली! तुझ्या हाताला बर्फ लागला नाय पायजे. पुस्तक धर."

म्हणजे अण्णांनी मला शिकवलं ते बर्फातून बाहेर काढायला. आणि मी शिकून शिकून गेले कुठं? तर जिथं बर्फाशिवाय दुसरं काहीच नाही तिथं! हे अण्णांच्या घशाखाली कधी उतरलंच नाही. घरोघरी फ्रिज आले, टपरी बंद झाली, तरी त्यांचा राग तसाच. कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी फॉरेनला हाय, कंप्युटरवर." माझ्यासमोर सांगायचे! माझं असं डोकं फिरायचं म्हणून सांगू.

एकदा कॅम्पवरून फोन केला तेव्हा मी त्यांना समजावायला गेले. म्हटलं, "अण्णा, आम्ही खोल भोक पाडून दांड्यासारखा गोल बर्फ वर काढतो. तो जुना असतो. पाण्यात टाकला की बोलतो."

"बोलतो?"

"तडतडतो. फार फार वर्षांपूर्वी तिथं जे हिम पडलं, त्यात हवा अडकली. वर थरावर थर साचले, हवा दाबली गेली. आता बर्फ वितळला की ती फटाफट फुटून बाहेर येते."

पलीकडं अण्णा फिसकन हसले. मग म्हणाले, "थापा नको मारू. माझा जन्म गेला बर्फात. माझ्याशी एकदाबी बोलला नाय तो."

मागून आई म्हणाली, "तुम्ही कुणाला बोलू देता का कधी?"

"तू गप. हे बघ," अण्णा मला म्हणाले, "आणून दाखव. ह्या कानानं ऐकल्याबिगर मी नाय मानायचा." आणि फोन ठेवला.

झालं! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आमच्या पेट्यांतला बर्फ प्रयोगशाळांत जाणार होता, तिथं त्याच्यावर लोक अभ्यास करणार होते, ते सगळं ठीकच. मला एक तुकडा अण्णांच्या कानापाशी न्यायचा होता. मी काय करते ते त्या माणसाला एकदा तरी कळावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती लई जुनी होती.

कॅम्प उठवणं म्हणजे लग्नघर आवरण्यासारखंच. मांडताना सगळ्यांना हुरूप असतो, आवरताना ज्याला त्याला कंबरदुखी आठवते. तंबू पाडले, ते गोठून पत्र्यासारखे कडक झालेले, घडीच पडेना. ड्रिलचा मनोरा आडवा केला. आमची खरी जागा होती बर्फात खणलेला एक लांब खंदक, वरून झाकलेला. त्याच्यात आम्ही दांडे कापायचो, मापायचो, आणि फोमच्या पेट्यांत ठेवायचो. त्या पेट्या आता वर आणून घसरगाडीवर चढवायच्या होत्या, आणि तिथून विमानात.

पहिली पेटी दोघा तिघांनी अशी काही उचलली की ती कलंडायलाच आली. मी ओरडले, "अरे ए! हळू! लादीये ती!" चक्क मराठीत. अण्णांच्या टपरीवर हमाल लादी उचलायचे तेव्हा अण्णा असेच ओरडायचे, तेच तोंडातून निघालं. सगळे थबकले, मग हसत सुटले. आमच्याकडं एक मेकॅनिक होता, दाढीवाला, आईसलँडचा, कुणाशी फारसं न बोलणारा. पण त्याला तो शब्द असा आवडला की पुढची पेटी उचलताना तोच पहिल्यांदा म्हणाला, "हालू, हालू." संध्याकाळपर्यंत सगळा कॅम्प हालू हालू करत होता. एकही पेटी आपटली नाही हे मात्र खरं.

शेवटचा दांडा ड्रिलमधून निघताना टोकाशी फुटला होता. फुटका तुकडा मोजमापाला चालत नाही. आमच्याकडं रीत अशी, की असले तुकडे शेवटच्या जेवणाला सगळ्यांनी आपापल्या पेल्यात टाकायचे आणि कान लावून ऐकायचे. प्रमुखबाईंनी माझ्या हातावर चांगला मुठीएवढा तुकडा ठेवला. मी तो टाकलाच नाही.

"पीत का नाहीस?" बाईंनी विचारलं.

"हा माझ्या वडलांचा आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि स्वयंपाकाच्या तंबूतला सगळ्यात जाड स्टीलचा थर्मास काढून दिला. वर आणखी तुकडे दिले, थर्मास गच्च भरेस्तोवर. म्हणाल्या, मधे मोकळी जागा राहिली तर लवकर वितळेल. हे मला ठाऊक होतं, पण बाईमाणूस इतकी मायेनं करतेय म्हटल्यावर मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी विमान यायचं होतं, ते धुक्यामुळं आलं नाही. सामान सगळं बांधलेलं, किटलीसकट. चहा नाही म्हटल्यावर माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. वेळ घालवायला मी अण्णांना फोन लावला, बर्फ आणतेय म्हणून सांगितलं.

"भुसा हाय का तिथं?" हा पहिला प्रश्न.

"अण्णा, इथं नजर जाईल तिथवर झाड नाही. भुसा कुठून आणू?"

"मग कसला धंदा करता रे तुम्ही बर्फाचा!" अण्णा खरंच वैतागले. "ऐक. वाटंत उघडायचं नाय. कुणी कितीबी म्हणू दे. उघडलं की गेलं."

फोन ठेवून बाहेर आले, तर समोर मेकॅनिक जेवणाच्या टेबलाच्या फळ्या करवतीनं कापत होता, ड्रिलच्या भागांसाठी खोकं करायला. आणि त्याच्या बुटांभोवती बर्फावर पिवळाधमक भुसा! मी अशी धावले की तो घाबरून करवत थांबवून उभा राहिला. मी गुडघ्यावर बसून ओंजळीनं भुसा पिशवीत भरायला लागले. त्यानं पाहिलं, आणि आणखी एक फळी कापायला घेतली. त्या फळीचा कुठल्याच खोक्याला उपयोग नव्हता. देव त्याचं भलं करो.

थर्मास लोकरी मोज्यांत घातला, मोजे भुशाच्या पिशवीत, पिशवी बॅगेत. पण स्वतःच्या सामानाला वजनाचं बंधन होतं, आणि बॅग जड झाली. काहीतरी काढायलाच हवं होतं. मी माझा कुकर काढला. घरून तेवढ्या लांब नेलेला, उन्हाळाभर सगळ्यांना खिचडी घालणारा कुकर. तो मेकॅनिकच्या हातात दिला. त्यानं शिट्टी वाजते का ते फुंकून पाहिलं.

शेवटी धुकं फाटलं, स्की लावलेलं विमान उतरलं, आणि हालू हालू करत आमच्या पेट्या पोटात गेल्या. वरून पाहिलं तर खाली फक्त गाड्यांच्या खुणा. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी भुशाच्या चिंतेत होते.

कोपनहेगनला थर्मास प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये मुक्कामाला राहिला. तिथंही एकजण म्हणाला, उघडून बघू या का कसा आहे. मी म्हटलं, हात लावून तर बघ. मुंबईला उतरले आणि कस्टमवाल्यानं नेमकी माझीच बॅग बाजूला काढली.

"ह्यात काय आहे, मॅडम?"

"बर्फ."

त्यानं वर पाहिलं. "भारतात बर्फ मिळत नाही का?"

मी सगळं सांगितलं. अण्णा, टपरी, कंप्युटर, बोलणारा बर्फ, सगळं. सांगता सांगता माझाच आवाज चिरकायला लागला, कारण त्याचा हात थर्मासच्या झाकणावर होता. "साहेब, पाया पडते, उघडू नका. उघडलं की गेलं."

मागं रांग वाढत होती. त्यानं झाकणावरचा हात काढला, थर्मास कानाशी नेला आणि जोरात हलवला. खडखड! "आहे अजून," तो म्हणाला. "पळा आता. वडलांना नमस्कार सांगा." मी भर विमानतळावर त्या माणसाला हात जोडले.

संभाजीनगरला उतरले तेव्हा पावसानं दडी मारली होती आणि दुपार भाजून काढत होती. चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर अण्णा उभे होते, खांद्यावर ओलं गोणपाट टाकून. खरंच सांगते, गोणपाट! शेजारी आमच्या गल्लीतले रिक्षावाले चाचा, ज्यांच्या रिक्षातून पूर्वी लाद्या जायच्या.

मी पाया पडले. अण्णांनी तब्येत विचारली नाही, प्रवास विचारला नाही. "कुठंय?" मी थर्मास काढून दिला. त्यांनी भुसा चिमटीत घेऊन पाहिला. "देवदार हाय वाटतं," म्हणाले. मग थर्मास हलवला. खडखड नाही, एकच बारीक टण्ण.

"चला चला, घरी," मी घाईनं म्हटलं. "आई वाट बघतीये. घरी गेल्यावर उघडू."

"इथंच बघू."

"अण्णा! तुम्हीच म्हणालात ना, वाटेत उघडायचं नाही!"

"ते तुला सांगितलं होतं," अण्णा म्हणाले, आणि झाकण फिरवलं.

आत पाणीच पाणी, आणि त्यात लिंबाएवढा एक खडा. अण्णांनी झाकणात चाचांच्या बाटलीतलं कोमट पाणी ओतलं, भेगाळल्या बोटांनी खडा अलगद उचलून त्यात सोडला आणि झाकण उजव्या कानाशी नेलं. डावा कान टपरीवरच्या बर्फ किसायच्या मशीनच्या आवाजानं कधीच नेला होता. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी अण्णांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. काहीच नाही. त्यांच्या तोंडावर काहीच नाही.

मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बोलतंय की गं," ते पुटपुटले. जरा वेळानं, "ही हवा कवाची म्हणली?"

"दौलताबादचा किल्ला नव्हता तेव्हाची."

"आणि ती आत्ता सुटली?"

"व्हय अण्णा. तुमच्या कानापाशी."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. खडा पार विरेस्तोवर त्यांनी कान हलवला नाही. रिक्षावाले चाचा दोनदा घड्याळ बघून गेले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "क्या सुन रे भाई? बिटिया क्या लाई?"

अण्णांनी झाकणातलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं, मिशी पुसली, गोणपाट झटकून माझ्या बॅगेवर टाकलं. आणि त्या भर उन्हात, आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "बरफ लाई मियाँ. बरफ का काम करती मेरी बेटी. हमारा धंदाइच वो है."