तळ्यातलं कुणी उपाशी नव्हतं

मासे जांभया देतात का, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला. त्या आठवड्यात ढग नुसते डोक्यावर बसून होते, ना पाऊस ना ऊन. सकाळी फिरायला म्हणून लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, तळ्याकडे गेले आणि बघते तर काय, सगळं तळं तोंड वर काढून बसलेलं. जिकडे बघावं तिकडे पाण्याबाहेर गोल गोल तोंडं, उघड-मीट, उघड-मीट चाललेली. काठाशी वीतभर लांबीचे काही मासे उताणे तरंगत होते.

"बघा मेडम, किती भूक लागलीय बिचाऱ्यांना," आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष म्हणाले. रिटायर इंजिनियर माणूस. त्यांनी खिशातून चुरमुऱ्यांची पुडी काढली आणि अख्खी पाण्यात उपडी केली. एकही मासा चुरमुऱ्यांकडे वळला नाही. मी म्हटलं, सार, भूक लागलेला प्राणी समोरचं अन्न सोडून हवा खाईल का? ते म्हणाले, "माशांनाही मूड असतो." झालं! माझं सगळं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं, माशांमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न एकदा डोक्यात शिरला की तो सुटेपर्यंत जेवण गोड लागत नाही. आई म्हणते, हा रोग बाबांकडून आलाय.

आमचं तळं म्हणजे फार मोठं काही समजू नका. शहराच्या विजयनगर भागातल्या या कोपऱ्यात घरं नव्हती तेव्हा इथे गुरं पाणी प्यायची. घरं आली, तळ्याला दगडी पायऱ्या आल्या, बाकं आली आणि कडेला चालायला वाट आली. मासे कुठून आले हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. मी आपली एकेकाला विचारत सुटले. डासांसाठी कुणीतरी बारके मासे सोडले होते म्हणे. मग बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाने घरातली काचेची पेटी इथे रिकामी केली. नवस फिटला म्हणून एकांनी कटल्याची, त्या हातभर वाढणाऱ्या माशाची, पिल्लं आणून सोडली. आणि जिलेबी मासे? आमच्याकडे बाजारात या चपट्या, काटेरी पाठीच्या माशांना जिलेबीच म्हणतात. ते कुणी सोडले हे कुणी कबूल करेना. सगळे मारे मासे आभाळातून पडल्यासारखं बोलायचे.

आमच्या घरात मासे वर्ज्य नाहीत. आम्ही मूळचे फौजेतले. पूर्वज इथल्या राजाच्या घोडदळात होते असं ऐकत आलोय, आता ते सगळं शौर्य रविवारच्या मटणापुरतं उरलंय. पण या तळ्यातला मासा खायचा विचारही आमच्या घरात कुणी केला नसता. कारण आई.

आईचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा बेळगोळच्या एका कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर सकाळी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे. दोन वर्षांपूर्वी असेच एका सकाळी बसले आणि आतल्या आईला म्हणाले, "आज चित्रान्न कर गं, फार दिवस झाले." लिंबू पिळलेला, हळदीचा फोडणीचा भात, त्यांचा जीव की प्राण. भात शिजायचा होता. आई म्हणाली, "जरा दम धरा की, आणते." ती ताटली घेऊन बाहेर आली तेव्हा पेपर खाली पडला होता आणि बाबा गेले होते.

दहाव्याला आम्ही नदीकाठी पिंड ठेवला. चित्रान्नही ठेवलं होतं. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. कावळा शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली म्हणायचं, ही आमची रीत. मग सगळे हात जोडून कबुलीला लागले. आईला मी सांभाळीन, म्हटलं. काका म्हणाले, बाबांची स्कूटर विकणार नाही. अय्यो, त्या खटाऱ्यासाठी बाबांचा जीव कशाला अडकेल! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सगळं उरकलं. आई परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलली, "उपाशी गेले."

त्यानंतर ती रोज सकाळी मूठभर चित्रान्न करायला लागली. मिरची घालायची नाही, मोहरी वेचून काढायची. ते बाबांच्या कारखान्याच्या स्टीलच्या डबीत भरायचं आणि तळ्यावर जायचं. स्वतः मात्र तिने चित्रान्नाला तोंड लावणं सोडलं. माझा समज असा की माशांना खाऊ घालणं म्हणजे पुण्य, म्हातारीचा वेळही जातो. एकदा तिची छत्री राहिली म्हणून मी मागोमाग गेले. आई शेवटच्या पायरीवर बसून डबीचं झाकण दगडावर वाजवत होती. खालून एक भला मोठा कटला वर आला, वरच्या पराला खाच पडलेला. आईने भाताचा गोळा पाण्यात सोडला आणि त्याला म्हणाली, "अहो, हळू. ठसका लागेल."

मी छत्री घेऊन तशीच मागे फिरले. हसावं की रडावं कळेना. 'अहो' ती उभ्या जन्मात एकाच माणसाला म्हणाली होती.

तर, जांभया देणारे मासे. मी सरळ मत्स्य खात्याच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या एका तरुण अधिकारी बाईंना घेऊन आले. पोरगी हुशार आणि तोंडाची फटकळ, मला लगेच आवडली. तिने भल्या सकाळी येऊन बाटलीत पाणी घेतलं, त्यात थेंब टाकून रंग पाहिला आणि म्हणाली, यांना भूक नाही लागली, यांचा श्वास कोंडतोय. मासे पाण्यात विरलेल्या हवेवर जगतात. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ नवी हवा तयार करत नाही, उलट रात्रभर तीच हवा वापरतं. त्यात तळाशी अन्न कुजलं की तेही हवा ओढून घेतं. त्यात ही खंडीभर तोंडं! "इतकं अन्न येतं तरी कुठून?" तिने विचारलं.

ते संघाच्या मीटिंगमध्ये बाहेर आलं आणि मला हसू आवरेना. अध्यक्षांचे चुरमुरे सकाळी फिरताना. एका घरातून रात्रीच्या उरलेल्या इडल्या. दुसरीकडून कुत्र्याची बिस्किटं. शुक्रवारच्या पूजेचा नैवेद्य, उपासाचा साबुदाणा, कुणाच्या मुलीने न संपवलेला डबा. प्रत्येक जण आपापल्या वेळेला गुपचूप येऊन घालून जायचा आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण नसतो तर या मुक्या जिवांना कोण विचारणार? अख्ख्या लेआउटने मिळून दयेपोटी तळं घाण करून ठेवलं होतं.

अधिकारी बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. जिलेबी मासे जाळ्याने काढून कमी करायचे, कारण ते पिल्लांवर पिल्लं घालतात आणि बाकीच्यांना जगू देत नाहीत. आणि आजपासून खाणं बंद, अगदी दाणासुद्धा नाही. कुणीतरी हळवं होऊन म्हणालं, मग मोठे मासे उपाशी मरतील हो. ती म्हणाली, "उलटं आहे. हवा कमी पडली की मोठे आधी मरतात. त्यांना जास्त लागते."

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझा दंड धरला. नखं रुतली.

घरी आल्यावर तिने भांडण काढलं. तुला सुम्मने, उगाचच कशात तरी नाक खुपसायची सवय, म्हणाली. दोन वर्षं सगळं ठीक होतं, तूच ती बाई आणलीस. मीही काही कमी नाही. म्हटलं, आई, तुझा भातच त्याला मारेल. "त्याला" म्हटलं मी. तिने चमकून माझ्याकडे बघितलं; मी तिच्या मागे तळ्यावर गेले होते, हे तिला कळलं.

जाळं टाकायच्या दिवशी हुणसूरकडची माणसं टेम्पो घेऊन आली. एवढे मासे जाणार कुठे, यावर शाकाहारी मंडळींनी आधीच काहूर माजवलं होतं. बदकांच्या फार्मवर जाणार, हे ऐकून ती शांत झाली. बदकांनी खाल्लेलं पाप कुणाला लागत नसावं. माणसं छातीभर पाण्यात उतरली आणि जाळं ओढत काठाकडे आली. पाणी उकळायला लागल्यासारखं दिसत होतं. जिलेबीच जिलेबी, टोपल्याच्या टोपल्या. मी वाकून वाकून बघत होते. आपल्या पायाशी एवढा संसार चालला होता आणि आपण नुसत्या फेऱ्या मारत होतो, याचं मला भारी नवल वाटलं.

शेवटच्या ओढीत तो आला. खाच असलेला पर. एका माणसाने त्याला दोन्ही हातांनी छातीशी उचललं, केवढा आहे ते दाखवायला. आई पायऱ्या उतरत कन्नडमध्ये ओरडली, "बिडि, बिडि! सोडा!" पदर सुटला, चप्पल एकीकडे राहिली. तिला असं धावताना मी कधीच पाहिलं नव्हतं. अधिकारी बाई म्हणाली, सोडा हो त्याला, कटला राहू दे, पाण्यात आपोआप वाढणाऱ्या बारीक जिवांवर तो जगतो. माशाने शेपटीचा एक फटका दिला, त्या माणसाचं तोंड भिजलं आणि सगळे हसले. आई पायरीवर बसून धापा टाकत होती.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली, कन्नड आणि इंग्रजीत, माशांना खाऊ घालू नये. आई तळ्यावर गेली नाही. त्यानंतरही नाही. डबी घासून पालथी ठेवलेली. मी म्हटलं, खाणं बंद आहे, जाणं कुठे बंद आहे? नुसती जाऊन बस. झाकण वाजव, येईल तो. तिने भाजीची जुडी पुढ्यात ओढली. मला वाटलं रागात आहे. मी पुन्हा छेडलं, तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आणि नाही आला तर?"

मग मला कळलं तिला कशाची भीती होती. इतके दिवस तो भातासाठी येत होता की तिच्यासाठी, हे रिकाम्या डबीने ठरणार होतं. मला खरं सांगायचं तर तेवढीच उत्सुकता होती आणि त्या उत्सुकतेची लाजही वाटत होती. मी एकटी जाऊन वाजवून बघू शकले असते. नाही बघितलं. तो प्रश्न माझा नव्हता.

दिवस गेले. तळ्याचा हिरवट वास कमी झाला. सकाळची ती उघडमीट करणारी तोंडं दिसेनाशी झाली. चुरमुरेवाले अध्यक्ष हात मागे बांधून, चेहरा पाडून फिरायचे. मग एका सकाळी मी चप्पल घालत होते तर आई डबी घेऊन दारात उभी. "चल," म्हणाली. मी डबी हलवून बघितली, रिकामी होती.

ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. आई शेवटच्या पायरीवर बसली आणि तिने झाकण वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. काही नाही. मी मनात म्हणत होते, ये रे बाबा, एकदा ये, मग हवं तिकडे जा. एवढ्यात तळ्याच्या मध्यावर पाणी हललं. तोच होता, पराची खाच स्वच्छ दिसली. तोंड किंचित उघडं ठेवून तो पाण्याच्या वरच्या थरातून सावकाश जात होता, अगदी निवांत. आईने तिसऱ्यांदा झाकण वाजवलं. एवढ्या शांततेत ते त्याला ऐकू गेलं नसेल, हे शक्यच नव्हतं. तो वळला, पण काठाकडे आला नाही. पलीकडच्या झाडाच्या सावलीत गेला आणि तिथेच फिरत राहिला.

आता ही कोसळणार म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आई त्याच्या फेऱ्या बघत होती. मग तिने झाकण डबीला लावलं, खटका बसेपर्यंत दाबलं, आणि म्हणाली, "पोट भरलंय त्यांचं."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"दोन वर्षं बोलावलं की धावत यायचे. मला वाटायचं, अजून उपाशीच आहेत," ती म्हणाली. "आता काही नको म्हणतायत. सुटले बाई."

घरी आल्यावर तिने भात टाकला. मिरच्या घातल्या, शेंगदाणे घातले, मोहरी चांगली तडतडू दिली आणि वर लिंबू पिळलं. मी कडेला उभी राहून नुसती बघत होते. तिने ताटली घेतली आणि व्हरांड्यात बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. पहिल्याच घासाला मिरची दाताखाली आली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, नाकातून गळायला लागलं, ते पदराने पुसत पुसत तिने ताटली संपवली आणि आत हाक मारली, "अजून थोडं आण गं."