सप्ताहातली ग्रामसभा

मालूबाईंना भीती पोटात वाटते. कुणाचे हात कापतात, कुणाचा घसा सुकतो; मालूबाईंच्या पोटात बेंबीजवळ ओला पंचा पिळावा तसा पीळ पडतो. लग्न होऊन बोरवणला आल्या तेव्हापासून हे असंच. सासऱ्यांचा आवाज चढला की पीळ, तापीला पूर आला की पीळ. नवरा गेला तेव्हा पीळ इतका घट्ट बसला की सैल व्हायला वर्ष गेलं. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना त्या एकच मागणं मागत, की रामा, कुणाच्या तोंडी मला देऊ नको. अशा बाईला गावानं पंच म्हणून निवडून दिलं आणि पंचांनी उपसरपंच केलं. कारण काय, तर ही कुणाशी भांडत नाही.

बोरवण म्हणजे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, चांदनी स्टेशनाच्या अलीकडचं केळी-कापसाचं गाव. उपसरपंचाला तिथं काम असं फारसं नसतं. मालूबाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. पंचायत सचिवांचे कागद हिंदीत येत, पण अक्षरं तीच, सावकाश वाचली की अर्थ लागायचा. वाचून मगच सही करायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग सरपंच तृप्ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि चौदा एप्रिलच्या ग्रामसभेची खुर्ची मालूबाईंच्या वाट्याला आली.

ती खुर्ची साधी नव्हती. जानेवारीच्या सभेत अशीच एक खुर्ची भूपेंद्रनं उचलून भिंतीवर हाणली होती. भूपेंद्र गावातला मोठा केळीवाला. भांडण नळाच्या पाइपाचं होतं. नाल्यापलीकडच्या वस्तीला पाणी न्यायचं तर पाइप सरकारी वाटेनं जाणार, आणि त्याच वाटेवर भूपेंद्रनं केळीच्या ओळी लावून ठेवलेल्या. वस्तीतली निर्मला उभी राहून बोलायला लागली, तर भूपेंद्रनं तिची आई काढली. तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. दत्तात्रय गुरुजी मध्ये पडून म्हणाले, "वाट सरकारची आहे, केळी काढून घ्या." तिथंच खुर्ची उडाली आणि सभा मोडली.

त्याच आठवड्यात गुरुजींची बाग कुणीतरी विळ्यानं आडवी केली. घड लागलेली झाडं, कमरेतून तोडलेली. कुणी पाहिलं नाही. गुरुजींनी तक्रारही केली नाही. बायकांनी मात्र ठरवलं, सभेत तोंड उघडायचं नाही.

आणि मालूबाईंची बाग भूपेंद्रच्या बागेला लागून. मध्ये एक बांध, बस. त्यांचेही घड भरत आले होते.

"आई, तब्येत खराब आहे म्हणून सांग," समाधान म्हणाला. हा त्यांचा मुलगा, बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात पॉवरलूमवर कामाला जायचा. "सचिव बघून घेईल. आपल्याला काय करायचंय त्या पाइपाचं? आपल्या घरी तर बोअर आहे."

"निर्मला रोज डोक्यावर हंडा घेऊन आपल्या दारावरनं जाते रे."

"जाऊ दे ना! बागेचं सोच जरा. एक रात में साफ करून टाकतील."

सून रंजिता कणीक मळत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, गेलात तरी तुम्ही काही बोलू नका. नुसतं बसा."

"खुर्चीवर नुसतं काय बसायचं? फोटोसारखं?"

"फोटोला हार तरी घालतात," समाधान म्हणाला आणि आपल्याच बोलण्यानं ओशाळला. मालूबाईंना हसू आलं, पण पीळ काही सुटला नाही.

सभेची जागा त्यांनीच सांगितली होती. पंचायतीच्या खोलीचं छत काढलेलं, म्हणून सचिवांनी विचारलं तेव्हा त्या पटकन बोलून गेल्या, राममंदिराच्या मंडपात घेऊ. मनात हिशेब एवढाच, की रामासमोर तरी कुणी घाण तोंड उघडणार नाही. सप्ताह चालू आहे हे ठाऊक होतं, पण कीर्तन रात्री, दुपारी मंडप मोकळा. वीणेचं मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही. घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येईनाशी होते, तसं.

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकेका घराचा पहारा लावलेला असतो. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं देवासमोर उभं राहून हळू नाम घ्यायचं, दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पुढचा येईपर्यंत जागा सोडायची नाही. वीणा देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. मग वय असो, वैर असो.

दुपारी माणसं जमली तेव्हा म्हातारे उखर्डूबाबा वीणा घेऊन उभे होते. भजनी मंडळाचे मोतीलाल मालूबाईंना बघून कडवट बोलले, "वा, मालूबाई! देवाच्या दारात बाजार भरवला. सप्ताह झाल्यावर नसतं जमलं?"

"चुकलं माझं," मालूबाई म्हणाल्या.

"शुरू करें, मैडम?" सचिवांनी विचारलं.

मालूबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. "एकेकानं बोला," त्या म्हणाल्या. "एकाचं संपल्यावर दुसऱ्यानं. शिवी कुणी देऊ नका. समोर राम आहे."

मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, राम देवळात आहे, पण केळी शेतात आहे!" काही जण हसले. बायकांच्या बाजूला कुणी हसलं नाही.

निर्मला उठली. पदर खोचून म्हणाली, "मला एवढंच म्हणायचंय, की उन्हाळा सुरू झाला. आमच्या वस्तीत..."

"ये, बस खाली!" भूपेंद्र उभाच राहिला. "पुन्हा तेच रडगाणं! माझ्या बागेवर डोळा तुमचा!"

"भाऊ, तिचं होऊ द्या," मालूबाई म्हणाल्या.

भूपेंद्र थेट खुर्चीजवळ आला. आवाज एकदम खाली आणून बोलला, "वहिनी, तुमचे घड छान भरलेत. परवा बांधावरनं पाहिले मी."

देवासमोरून उखर्डूबाबांचं नाम तेवढं ऐकू येत होतं. मालूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळ्यांसमोर गुरुजींची बाग आली, कापल्या जागी चीक गळणारी. उठून घरी जावं असंच त्यांच्या मनात आलं. पायही खाली टेकवले.

तेवढ्यात वीणा बेसूर झाली. उखर्डूबाबांचे गुडघे लटलटत होते.

"अरे, बाबांना सोडवा! आता पहारा कुणाच्या घरचा?" मोतीलाल म्हणाले.

मग बायकांतून बारीक आवाज आला, "भूपेंद्रभाऊंच्याच घरचा."

त्याचा पुतण्या अक्षय पहाऱ्याला यायचा होता. तो पाण्याची जळालेली मोटर बांधून आणायला बुऱ्हाणपूरला गेलेला. उखर्डूबाबांनी भूपेंद्रकडे पाहून वीणा पुढं केली. भूपेंद्रचं तोंड अर्धं उघडंच राहिलं. सगळं गाव बघत होतं, वर राम बघत होता. त्यानं चप्पल मंडपाबाहेर सरकवली, हात पंच्याला पुसले, बाबांच्या पाया पडला. बाबा त्याच्या पाया पडले. वीणा गळ्यात आली आणि भूपेंद्रचं तोंड बंद झालं.

निर्मलानं आपलं सगळं सांगितलं. हंडे, नाल्यातला उतार, पाय मोडलेली सासू. शिवी एकही दिली नाही. तिच्यामागून आणखी दोघी बोलल्या. पुरुषांना चेव आला. "घ्या ठराव! आत्ताच घ्या! आज भाऊ गप आहे!" हात वर झाले. कुणी तर शीळ घातली.

"सर्वसम्मति लिख दूँ?" सचिवांनी पेन उघडलं.

भूपेंद्र लालबुंद झाला होता. दातांतून नाम घेत होता, आणि डोळे मालूबाईंवर रोखलेले. आता ठराव झाला तर उद्या बाग गेलीच, हे त्यांना स्पष्ट दिसलं. आणि दुसरंही काही दिसलं. बांधलेल्या तोंडाची ही कसली संमती? यातलं कुठलं दिसल्यामुळं आपण उठलो, ते त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. "यांचं ऐकायचं राहिलंय."

"तो कसा बोलणार? वीणा आहे गळ्यात!"

"मग वीणा मी घेते."

मोतीलालांनी होकाराची मान हलवली. बायकांचा पहारा गावात होताच. मालूबाई खुर्ची सोडून निघाल्या. समाधान गर्दीतून "आई!" म्हणाला, तो आवाज पाठीत टोचल्यासारखा झाला. त्या भूपेंद्रच्या पाया पडल्या. तोही वाकला. त्याच्या घामाचा वास आला, धापही ऐकू आली. वीणा गळ्यात पडली तशी त्यांच्या लक्षात आलं, की आता हा काय वाटेल ते बोलेल आणि आपल्याला त्याला अडवता येणार नाही. त्यांनी डोळे मिटले आणि नाम सुरू केलं.

भूपेंद्रनं पंच्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "वाट देत नाही असं मी कुठं म्हणतो? घड भरलेत. आत्ता खणलं तर मुळं तुटतील, झाडं पडतील. घड उतरू द्या. तोवर वहिनींच्या नि माझ्या मधल्या बांधावरनं पाइप न खणता वरच्यावर टाका. मी अडवणार नाही."

"हे आधी बोलायचं ना!" निर्मला म्हणाली.

"आधी तू ऐकलं असतं?"

"तू बोलू दिलं असतं, तर ऐकलं असतं."

मागं दत्तात्रय गुरुजी उठले. "आणि माझी केळी?"

मालूबाईंची बोटं तारेवर अडखळली.

"रामासमोर सांगतो, मी नाही कापली," भूपेंद्र म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "कुणी कापली, ते माझ्या माणसांना विचारलंही नाही मी. तेवढं चुकलं."

गुरुजी उभेच राहिले. मग खाली बसले. सचिवांनी तसा ठराव लिहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मालूबाई बागेकडं निघाल्या. समाधानला उठवलं नाही. बांध दिसायच्या आधीच विळ्याचा आवाज कानावर आला. खच्, खच्. पोटातला पीळ वर गळ्याशी आला. रामाचं नाव घेत, पानं बाजूला सारत त्या पुढं गेल्या.

बांधावर भूपेंद्र वाकून गवत कापत होता. एकटाच. त्यानं वर पाहिलं.

"राम राम, वहिनी. पाइपाला जागा करतोय."

"राम राम, भाऊ," मालूबाई म्हणाल्या.

तो पुन्हा कामाला लागला. मालूबाई आपल्या बागेत शिरल्या आणि ओळीओळीनं चालत गेल्या, प्रत्येक झाडाला हात लावत. सगळी उभी होती. शेवटच्या झाडाशी त्या मटकन खाली बसल्या. पीळ थोडासाच सैल झाला होता. उद्याही यायचं होतं, परवाही, घड उतरेपर्यंत. मागं विळा चालूच होता.