कमी फटक्यांचा माणूस

आबा निवृत्त झाले तेव्हा कारखान्याच्या मालकांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि गोल्फ खेळून पोट भरणाऱ्या एका परदेशी माणसाचं जाडजूड इंग्रजी आत्मचरित्र दिलं. मालकांना नुकताच त्या खेळाचा नाद लागला होता, आणि आबा तरुणपणी फुटबॉल खेळायचे एवढं त्यांच्या कानावर होतं. आबांना इंग्रजीचा गंध नव्हता. "मालकांनी दिलंय म्हंजे वाचाय पायजे की," म्हणाले आणि पुस्तक माझ्या पुढ्यात टाकलं. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गोल्फ आम्ही दोघांनी कधी बघितलेला नव्हता. आमच्या फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतलं शेंबडं पोर ऑफसाइड कळल्याच्या थाटात भांडतं, पण काठीनं चेंडू मारायचा आणि त्याच्यामागं मैलभर चालत सुटायचं, हे आमच्या डोक्यावरून जायचं. रोज चहा झाला की मी एकेक वाक्य मराठीत करून सांगायची. अवघड वाक्य आलं की सरळ उडी मारायची.

"अडवायला कोण गडीच न्हाय व्हय?" आबा विचारायचे.

"न्हाय."

"मग चुकतंय कसं त्येचं?"

मला कुठं ठाऊक होतं! एक मात्र आम्ही पक्कं धरून चाललो होतो, की फटका म्हणजे गोलच. ज्याचे जास्त, तो जिंकला. त्यामुळे आमचा माणूस सारखा हरायचा. समोरच्याचे बहात्तर, तर याचे अडुसष्ट. आणि एवढं हरूनही समोरचा टोपी काढून त्याच्या हातात हात द्यायचा, लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. आबा पार चक्रावून जायचे. तेच वाक्य मला तीनतीनदा वाचायला लावायचे.

का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात आबांनी पेनल्टी गोलच्या बारवरून मारली आणि पेठेचा कप गेला. तेव्हापासून त्यांनी मैदानाचं तोंड बघितलं नव्हतं. सामन्याच्या दिवशी गल्ली ओस पडायची आणि आबा रेडिओ मोठ्यानं लावून घरात बसायचे.

पुस्तक निम्मं झालं असेल. एका रविवारी दुपारी आबांनी चपला घातल्या. "मॅच बघून येतो," म्हणाले. आई भाकरी थापायची थांबली.

ते गेल्यावर मी सहज पुस्तकाची शेवटची पानं चाळली. तिथं त्या माणसानं जिंकलेल्या स्पर्धांची यादी होती. ज्यांच्यासाठी आम्ही बापलेक हळहळलो होतो त्या सगळ्या स्पर्धा त्यात होत्या. आधी वाटलं, छापणाऱ्यानं घोळ घातलाय. मग डिक्शनरी घेऊन उड्या मारलेली वाक्यं शोधून काढली. या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. बी.ए.चा आणि माझा, दोघांचाही राग आला.

आबा हसत घरी आले. जुन्या गड्यांनी सरकून जागा करून दिली म्हणाले, एकेकानं हात हातात घेतला. तेव्हाच्या कप्तानानं तर सामना संपेपर्यंत हात सोडला नाही. "फुडं वाच," असं म्हणून ते मांडी घालून बसले.

पुस्तकातल्या माणसाला हरतच ठेवावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. जमलं नाही. सगळं सांगून टाकलं.

आबांनी पुस्तक ओढून घेतलं आणि मुखपृष्ठावरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"म्हंजे त्यो जिकत हुता?"

"व्हय."

"म्हणून त्येला हात देत हुती?"

"व्हय, आबा."

त्यांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला. "मग मला कशापायी दिला?"