पिक्चरच्या दारावरचा चौक

हे आत्ताच्या आत्ता सांगते, नायतर उद्या मी शांत होईन, आणि मला शांत व्हायचं नाय.

मी एका ॲनिमेशन पिक्चरसाठी जागा काढते. माणसं नाय, माणसांच्या मागचं सगळं: झाडं, घरं, डोंगर. या पिक्चरमधलं शहर एका वारुळाच्या पोटात आहे. स्टुडिओ मुंबईत, मी डोळखांबकडे आमच्या पाड्यावर. हे शहर कम्प्युटरवर नको, आमच्याकडे भिंतीवर काढतात तसं काढूया, हे सरांना मीच पटवलं. सर म्हणजे तिथले डिझाइनचे हेड. कापडाला शेण-माती लिंपायची, वर गेरू, मग तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. गंमत अशी, की ओली रेष दिसतच नाय. सुकली की पांढरी उठते. तोवर हात कुठून गेला ते डोक्यात धरून ठेवायचं. माझ्या डोक्यात राहत नाय, आत्याच्या राहतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वारुळाचं आख्खं शहर तिने काढलं. गल्ल्या, कोठारं, मुंगीवर बसून बाजारला चाललेली म्हातारी, सगळं. मी नुसती शिडीवर चढून फोटो काढायचे, कारण एवढं मोठं कापड वाशिंदला कोणाच्या स्कॅनिंग मशीनमध्ये मावत नाय.

मग सरांचा फोन आला. "शहराला मेन गेट पाहिजे. तू बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवलेलास ना, त्यात भिंतीवर तो चौकोन होता, तोच दे. एकदम ग्रँड!"

"हो सर, परवा देते!" मी म्हटलं. विचार नाय, काय नाय, उड्या मारत आत्याकडे: लग्नातला चौक पाहिजे.

आत्याने काडी खाली ठेवली. "लगीन कोनाचं हाय गो?"

"कोणाचं नाय. पिक्चरला पाहिजे."

"तुज्या सरांचं जमलं काय?"

"आत्या!"

"मंग चौक कशाला लिवायचा? नवरी नाय, मांडव नाय. देवीला काय सांगू, पिक्चर बगायला ये?"

आमच्यात चौक काढत नाय, लिहितात. लग्नघरातच, आणि सवाशिणींनीच. मधोमध देवी असते, आणि भगताची पूजा होईस्तोवर तिच्यावर फडका टाकलेला असतो. हे मला शिकवावं लागत नाय. बहिणीच्या लग्नात त्या फडक्याचं एक टोक मीच धरलं होतं!

तरी मी काय बोलले? "आत्या, ते फक्त डिझाइन आहे गं." हे वाक्य मला सरांनी शिकवलेलं नाय. माझंच.

ती उठून भाकऱ्या थापायला गेली. मी व्हिडिओ थांबवून थांबवून स्वतःच चौक काढला. देवीसकट. सर खूश. म्हणाले, "दोन लेयरमध्ये पाठव, गेट उघडायचंय." दाराला दोन फळ्या लागणारच ना? मी चौक मधोमध कापला. माउसने, चहा पिता पिता, अर्ध्या मिनिटात. माझ्या डोक्यात फक्त दार होतं.

परवा कच्चा व्हिडिओ आला. मी आत्याला अंगणातून हाक मारली, "ये ना, तुझं वारूळ हलतंय बघ!" ती हात पुसत आली. म्हातारी मुंगीवरून चालली तशी आत्या खुदकन हसली. मग गेट आलं. एक राक्षस धावत येतो, लाथ घालतो, देवी मधून दोन होते, आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे भिंतीवर आपटते. वर धडाम् म्हणून आवाजपण टाकलाय!

आत्या ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "फडका पन नाय टाकलास?"

मी तिथल्या तिथे सरांना फोन लावला. "सर, ते गेट काढून टाका."

"अरे, तीन सेकंदांचा शॉट आहे. कोणाला कळणारे?"

"मला कळतंय. आत्याला कळतंय."

"तूच तर दिलंस."

राग सरांचा येतोय, पण तो पोचतच नाय त्यांच्यापर्यंत, मधे मीच उभी. त्यांना काय माहीत फडका म्हणजे काय? मला माहीत होतं. मी विचारलं असतं तर आत्याने शंभर दारं दिली असती.

आणि दिलंच तिने. काल सकाळी गेरू कालवून बसली. मुंग्यांचं दार. एकावर एक, पायात पाय अडकवून हजार मुंग्या, आणि कोणी आलं की सोडतात, बाजूला होतात, दार उघडतं. लाथेची गरजच नाय! सुकून रेषा उठल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. लगेच फोटो पाठवले, सोबत लिहिलं: चौक काढून टाकणार नसाल तर पिक्चरमधून माझं आणि आत्याचं नाव काढून टाका, पुढचं एकपण कापड मिळणार नाय.

सरांनी अंगठा पाठवलाय. नुसता अंगठा! मुंग्यांना अंगठा, का नाव काढायला अंगठा? सकाळपासून तीनदा विचारलं, उत्तर नाय. आत्या विचारते, "काय म्हनले?" मी म्हणते, बघतायत.

तुमच्याबरोबर झालंय का असं? घरातलं काहीतरी तुम्हीच नाचत नाचत बाहेर नेऊन दिलंत, आणि मग परत मागायला गेलात? मिळालं का? खरंच सांगा.